मुठीतले तांदूळ

इंदिरानगर, नाशिक
२ ऑगस्ट २००१

ती. आईस,

पाया पडून सांगते, हे पत्र मावशीने नाही, मी स्वतः लिहिलंय. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

आई, परवा नवल झालं. टेम्पो उलटल्यापासून माझी उजवी मूठ मिटलेलीच होती ना? डॉक्टर म्हणायचे, हाताला काहीच झालेलं नाही. मग मावशीने मला कुमुदताईंकडे नेलं. त्या धसका घेतलेल्या बायकांना बोलतं करतात. श्रावणात कहाणी ऐकताना धरतो तसे त्यांनी त्या मुठीत चार तांदूळ सरकवले आणि म्हणाल्या, "आज कहाणी तू सांग. अंग आखडेल तिथे थांब."

द्राक्षबागेतून टेम्पो निघाला, तिथून मी सुरुवात केली. वळणापाशी आले आणि खांद्याचा दगड झाला. थांबले, श्वास घेतला, पुढे सांगितलं. शेजारी बसलेल्या वत्सलाचा हात मी तिचा जीव जाईपर्यंत सोडला नव्हता, हे पहिल्यांदाच तोंडातून निघालं. भोवती बसलेल्या बायका नुसत्या "हं, हं" करत होत्या. कहाणी संपली आणि बघते तर तांदूळ मांडीवर सांडलेले! बोटं कधी उघडली, कळलंसुद्धा नाही. अजून हाताकडे बघत बसते.

दादा बोलायला लागला का गं? टेम्पो तो चालवत होता, म्हणून त्याची कहाणी कुणी ऐकलीच नाही.

तेच तांदूळ पाकिटात घातलेत. त्याच्या मुठीत दे. विचारू काही नकोस. नुसती जवळ बस आणि हं म्हण.

तुझी,
छाया