सकाळच्या फेरीतला दुसरा

मी, उपेंद्र रामचंद्रराव जगताप, वय सहासष्ट, निवृत्त टूलरूम फिटर, राहणार राजाजीनगर, बंगळूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांना तशी खात्री नाही, पण कायद्याला बुद्धी पुरते. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट पत्नी वसुमती हिने "आत्ताच काय घाई आहे" म्हणत दोनदा कागद उचलून ठेवले.

सप्टेंबरात केलेला मसुदा रद्द समजावा. तो का रद्द झाला ते कलम पाचमध्ये येईल.

वकील गुरुराज यांचे मत होते की हे इंग्रजीत करावे. आमची माणसे तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली आणि घरात अजून मराठी बोलतात. मरताना भाषा बदलण्याचे कारण मला दिसत नाही. कन्नड भाषांतर त्यांनी सोबत जोडले आहे.

कलम १. राजाजीनगरचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. माझ्या पश्चात ते वसुमतीचे आणि तिच्या पश्चात मुलगी सुप्रीता हिचे. पुतण्या रविकिरण याने वर दोन मजले चढवण्याचा नकाशा काढून आणला होता. त्याला घरात वाटा नाही. नकाशा त्याला परत द्यावा, कागद चांगला आहे.

मागच्या अंगणातले नारळाचे झाड पाडू नये. झावळ्या आपल्या गच्चीवर पडतात ही शेजाऱ्यांची तक्रार खरी आहे. नारळही तिथेच पडतात. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केलेली नाही.

कलम २. बँकेतली ठेव आणि फंडातले जे उरले असेल ते वसुमतीचे. तिने ते स्वतःवर खर्च करावे. ती करणार नाही. तरी लिहून ठेवतो.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे व्हर्नियर, मायक्रोमीटर, कानशी आणि बाकाला लावलेला, काम घट्ट पकडायचा शेगडा, रविकिरणला द्यावीत. आयुधपूजेला त्यांना कुंकू लावावे आणि उरलेले वर्षभर तेल.

कलम ४. अस्थी श्रीरंगपट्टणला कावेरीत, पश्चिमवाहिनीच्या घाटावर सोडाव्यात. पायऱ्यांवरून खाली उतरू नये. रविकिरणला पोहता येत नाही. शिकवायचा प्रयत्न मी केला होता.

कलम ५. पदक.

सिंगापूरला आंतरराष्ट्रीय जलतरण स्पर्धा झाली तेव्हा पुरुषांच्या फ्रीस्टाइल रिलेसाठी आपल्या देशातून पाच जण जहाजाने गेलो. त्यातले तिघे बंगळूरचे: व्यंकोजी घाटगे, खंडोजी मोहिते आणि मी. खंडोजी माझा लहानपणापासूनचा मित्र. मागडी रस्त्यालगतच्या एकाच विहिरीत आम्ही पोहायला शिकलो. ती विहीर बुजवली, आता तिथे बस थांबते.

रिलेत चौघे पोहतात, एकामागून एक. आधीच्याचा हात भिंतीला लागला की मगच पुढच्याने उडी मारायची. सकाळी प्राथमिक फेरी होती, संध्याकाळी अंतिम. सकाळी दुसरा खंडोजी पोहला आणि तिसरा व्यंकोजी. मी राखीव होतो. बाकावर बसून चौघांचे टॉवेल सांभाळत होतो. खंडोजी पाण्यात उतरला तेव्हा आपण मागे होतो. तो भिंतीला लागला तेव्हा नव्हतो. त्यामुळे संघ अंतिम फेरीत गेला.

दुपारी जेवणाच्या टेबलावर मॅनेजर म्हणाले, "संध्याकाळी मोहित्यांच्या जागी जगताप. ताज्या अंगाचा माणूस हवा." मी मागितले नव्हते. खंडोजीने हातातला घास संपवला आणि मला म्हणाला, "मग स्वल्प कमी जेव."

मॅनेजर वारले आहेत. त्यांचा निर्णय चूक होता असे मला तेव्हा वाटले, आजही वाटते. त्यांच्या मुलांना हे कळवण्याची गरज नाही.

संध्याकाळी आम्ही तिसरे आलो. नियमाप्रमाणे पदके अंतिम फेरीत पोहलेल्या चौघांनाच मिळाली. छापील निकालातही तीच चार नावे. सकाळी कोण पोहले हे कुठेच छापले नाही. पदक गळ्यात पडल्यावर मी बाकाकडे पाहिले. खंडोजी तिथे नव्हता. जहाजावर मी त्याला विचारले, "शर्यतीच्या वेळी कुठे होतास?" तो म्हणाला, "होतो कुठेतरी." पुन्हा विचारले तेव्हाही हेच. नंतर मी विचारणे सोडले, पण ते मनातून गेले नाही.

आयुधपूजेला तो दरवर्षी चिकपेटचे कापडाचे दुकान मुलावर सोडून आमच्याकडे येतो. मी हत्यारे पाटावर मांडतो आणि शेवटी पदक ठेवतो. खंडोजी प्रत्येक हत्याराला कुंकू लावतो. पदकाशी आला की वाटी वसुमतीच्या हातात देतो.

सप्टेंबरच्या मसुद्यात मी पदक त्याच्या नावे केले होते. हयातीत तो घेणार नाही हे ठाऊक होते. मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही असा माझा हिशेब होता. यंदा आयुधपूजेचा नैवेद्य झाल्यावर मी त्याला ते कलम वाचून दाखवले.

"पदक मला?"

"तुला."

"सरी, चालेल. मग साक्षीदार म्हणून सही मीच करणार. आण पेन."

वसुमती म्हणाली, "खंडोजीअण्णा, ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करायची नसते, दिलेलं रद्द होतं. वकील बजावून गेलेत."

"म्हणूनच करतोय, अक्का. तुमच्या नवऱ्याला कायदा कळला नाही, मला कळला."

मी म्हणालो, "तुला नको आहे का ते?"

"तुझं आहे. संध्याकाळी तू पोहलास. मी ते घेऊन दुकानात कुठे टांगू, टेरिकॉटच्या गठ्ठ्यांवर? गिऱ्हाईक विचारेल, केवढ्याला?"

वसुमती हसली. मी हसलो नाही. "मग तुला काय हवं ते तरी सांग."

तो म्हणाला, "माझी सून विचारते, मामंजी, तुम्ही खरंच पोहलात की नुसते जहाजात बसून आलात? थट्टाच करते, वाईट नाही पोरगी. पण तिला काय दाखवू? तुझ्याकडे पदक आहे, छापलेलं नाव आहे. मी सकाळी पोहलो हे कुठंही लिहिलेलं नाही, उपेंद्र. तेवढं लिही. पदक सुप्रीताला दे."

सुप्रीता लहानपणापासून पदक मागते आहे. ते तिला द्यावे. तिने ते पॉलिश करू नये.

कलम ६. मी प्रतिज्ञेवर सांगतो की वरील स्पर्धेत सकाळच्या फेरीत आपल्या संघातून दुसरे खंडोजी यशवंतराव मोहिते पोहले. मी बाकावर होतो, मी पाहिले. ते तसे पोहले म्हणून आम्हाला संध्याकाळची शर्यत मिळाली, आणि ती मिळाली म्हणून कलम पाचमधले पदक आहे.

वकील म्हणाले, "जगतापसाहेब, हे मृत्युपत्रात बसत नाही. या कलमात तुम्ही कोणाला काय देताय?"

मी म्हणालो, "राहू द्या ते कलम."

हे मृत्युपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवायचे आहे, म्हणजे कलम सहा सरकारी दप्तरात राहील. माझ्या पश्चात त्याची प्रमाणित नक्कल सुप्रीताने खंडोजीच्या सुनेच्या हातात द्यावी. खंडोजीच्या हातात देऊ नये, तो ती खिशात ठेवून विसरल्याचे सोंग करेल.

कलम ७. आम्ही सिंगापूरहून परतल्यावर समाजाच्या सभागृहात माझा सत्कार झाला. तेव्हा घातलेली शाल खंडोजीच्या दुकानातून आली होती. त्याने ती आपणहून दिली होती. सभा सुटल्यावर तो माझ्या कानाशी म्हणाला, "धुऊ नको. पाण्यात टिकणारी नाही." ती शाल मी त्याला ठेवणार होतो. पण आता तो साक्षीदार आहे, या कागदाने त्याला काही देता येत नाही. म्हणून काल चिकपेटला जाऊन स्वतः देऊन आलो. त्याने ती उलगडून उजेडात धरली आणि विचारले, "धुतली नाहीस ना?"

हे कलम केवळ माहितीसाठी.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुप्रीताने करावी. हिशेबात ती माझ्याहून काटेकोर आहे आणि रविकिरण तिला घाबरतो.

एवढेच. वरील मजकूर मी वाचला, मला समजला, आणि माझ्या इच्छेप्रमाणे आहे. साक्षीदार माझ्या समोर आणि मी त्यांच्या समोर सही करत आहे. सहीखाली काय लिहायचे ते वकिलांनी साक्षीदारांना सांगितले होते. दोघांनी ते सह्यांआधीच स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आणि सांगितल्यापेक्षा जास्त लिहिले. वकिलांनी कागद बदलू का विचारले. मी नको म्हणालो.

ठिकाण: राजाजीनगर, बंगळूर
दिनांक: १४ डिसेंबर १९९७

(सही) उपेंद्र रामचंद्रराव जगताप

साक्षीदार १
उपेंद्र जगताप यांनी माझ्यासमोर सही केली. सकाळच्या फेरीत माझ्या आधी खंडोजी होता. त्याचा हात भिंतीला लागलेला पाहिला, मगच मी उडी मारली.
(सही) व्यंकोजी सुभानराव घाटगे, बसवनगुडी

साक्षीदार २
उपेंद्रने माझ्यासमोर सही केली. संध्याकाळची शर्यत मी वरच्या गॅलरीत उभा राहून पाहिली. दुसरा उपेंद्र होता. चांगला पोहला.
(सही) खंडोजी यशवंतराव मोहिते, चिकपेट