तुझ्या नावावरची रोडग्यांची ऑर्डर

प्रिय मिलिंद,

रविवारी दुपारी तुझा फोन वाजला.

आम्ही तिघीही घरात होतो. आई बाल्कनीत उन्हाला बसल्या होत्या, संबोधी जमिनीवर पुस्तकं पसरून, मी ओट्यापाशी. तुझी ती कर्कश रिंगटोन टीव्हीमागून आली आणि आम्ही तिघींनी आधी बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. फोन वाजला की "माझा आहे, माझा आहे" करत तू कुठूनही धावत यायचास ना! आंघोळ अर्धी टाकूनसुद्धा. कुणी हललं नाही. तुला यायला वेळ दिल्यासारखं.

तो फोन मी अजून चार्ज करते. का, ते विचारू नकोस. संबोधीने एकदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, बाबाच्या ऑफिसचं काही राहिलं असेल. ऑफिसचं काय राहायचंय? तू पावसाळ्यात गेलास आणि दिवाळीच्या आत तुझ्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला.

शेवटी मी उचलला.

"मिलिंद साहेब? ढाब्यावरून बोलतो. थंडी पडली ना साहेब! कधी येऊन राह्यले मंग?"

"मी त्यांची मिसेस."

"हां, वहिनी! साहेबाले सांगा, गोवऱ्या वाळल्या, वांगेही आले. रोडग्याची ऑर्डर आधी द्या लागते, म्हनून इचारलं. किती ताटं धरू?"

"चार," मी म्हणाले.

मिलिंद, मी चार म्हणाले!

साहेब नाहीत, हे सांगायचं राहून गेलं. खरं तर मी राहू दिलं. त्या माणसासाठी तू अजून आहेस. पुण्यात कुठल्या तरी मीटिंगमध्ये अडकला आहेस. जगात एका तरी माणसाच्या लेखी तू फक्त उशिरा येणार आहेस. ते मोडवेना.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "अन् साहेबानं सांगितलेलं ध्यानात हाय माह्या. म्हातारीले खाली बसता येत नाही, टेबल द्या. अन् धूर जिकडे जाते, तिकडे बसवू नका म्हने."

धुरात बसवू नका? खडकीच्या क्वार्टरमध्ये वर्षानुवर्षं रॉकेलच्या स्टोव्हवर जिने रांधलं, तिला धुराचं काय? तेव्हापासून तुझी ही अट माझ्या मागे लागली आहे. ओटा पुसताना, सिग्नलला थांबल्यावर. आणि म्हणून आज हे पत्र.

तुला आठवतं, हे खूळ कसं सुरू झालं? तुझ्या टीममधला अमरावतीचा राहुल जेवायला आला होता. आईंनी हौसेने रोडगे केले. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे, झाकण लावून कढईत भाजलेले, ओवा आणि तीळ घातलेले. तू लहानपणापासून खात आलास ते. राहुलने एक तुकडा मोडला आणि म्हणाला, "काकू, हे आहे भारी, पण रोडगे नाहीत हो. रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. आणि त्यात तीळ कुठून आले?"

आई उठून आत गेल्या. तू हसत म्हणालास, "आमच्याकडे असेच करतात, साहेब. तुमच्या अमरावतीला माहीत नसेल." आणि मग त्यांच्या पाठोपाठ तूही आत गेलास. बाहेर यायला बराच वेळ लावलास. वरण गार झालं.

त्याच आठवड्यात तू नकाशा काढलास. पुण्यातून निघायचं, नगरच्या अलीकडे कुठे तरी हुरडा खायचा, रसवंती दिसेल तिथे थांबायचं, औरंगाबादला नान-खलिया, मग जालन्यावरून वऱ्हाडात. शेगावची कचोरी. शेवटी तुझ्या आजोळच्या फाट्यावर नवा निघालेला ढाबा, तिथे आरावरचे रोडगे, वांग्याची भाजी, तुरीचं वरण. संबोधी म्हणाली, "बाबा, सीरियसली? लोक गोव्याला जातात!" मी म्हणाले, हा माणूस भाकरी खायलाही प्रोजेक्ट प्लॅन करतो. आई मात्र एवढंच म्हणाल्या, "बाकी सारं फिरा बाप्पा. तेथं कायले?"

आणि तू काय केलंस? "प्रोजेक्टचं हे रिलीज झालं की निघू." मग "अप्रेझल झालं की." मग मंदी आली, तुमच्या मजल्यावरच्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या झाल्या, तुझी राहिली, आणि तू तिला असा चिकटलास की रविवारीसुद्धा लॅपटॉप मिटेना. एक थंडी गेली, दुसरी गेली. मी रागावले की म्हणायचास, "अगं, वऱ्हाड कुठे पळून जातंय?"

वऱ्हाड आहे तिथेच आहे, मिलिंद.

तू गेल्यापासून आईंनी रोडगे केले नव्हते. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला खडकीतल्या बायका जमल्या, तेव्हा कुणीतरी म्हणालं, मिल्याला आवडायचे, करू या का. आईंनी मानेनेच नाही म्हटलं. पण अधूनमधून त्या बाल्कनीत उभ्या राहून म्हणतात, "गोवऱ्या पेटल्या व कुठंतरी." वाकडमध्ये, सातव्या मजल्यावर! खाली काचेच्या इमारती आणि वर क्रेन. मी सुरुवातीला हसून सोडून दिलं. पण गेल्या महिन्यात एकदा मलाही तो वास आला. गाडीत, काचा बंद असताना. शेजारची सीट तुझ्या पायांसाठी अजून तशीच मागे सरकवलेली आहे. मी त्या सीटकडे बघितलं नाही. घरी येईपर्यंत समोरच बघत राहिले.

रविवारच्या फोनबद्दल मी आईंना सांगितलं तर त्या दोन शब्द बोलल्या. "कायले आता?" मग बुधवारी संध्याकाळी आम्ही मेथी निवडत होतो, तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं,

"मी रोडगा खाल्लाच नाही व कधी."

मला वाटलं, विसरल्या. "अहो आई, तुम्हीच तर करता."

"करतो. पन तो तसा नाही. तो पोरगा खरंच बोलला."

मग हळूहळू सगळं आलं. त्यांच्या लहानपणी थंडीत फाट्यावरच्या पाटलाच्या मळ्यात, आता तो ढाबा आहे तिथेच, रोडग्यांचा स्वयंपाक व्हायचा, अख्खं गाव जेवायचं. त्याला लागणाऱ्या गोवऱ्या तुझे आजोबा सोनाजी आणि घरातल्या बायका पुरवायच्या. थापायच्या, वाळवायच्या, डोक्यावरून मळ्यात नेऊन टाकायच्या. आणि मग लांब बसून राहायचं. जिकडे बसायला सांगत, तिकडेच नेमका सगळा धूर यायचा. पंगती उठल्या की उरलंसुरलं पदरात पडायचं. करपलेली कडा, एखादा तुकडा. मोठी पोरं त्याच्यासाठी भांडायची, धाकट्या आईंपर्यंत काही पोचायचं नाही.

"मंग आमी दीक्षा घेतली. बाप घरी येऊन म्हने, आजपासून कोनाचं उष्टं या घरात येनार नाही. अन् नाहीच येऊ दिलं."

"बरोबरच केलं त्यांनी," मी म्हणाले.

"बरोबर नाही तं काय! पन मी केवढीशी होतो. वास तं येयेच ना. वास कोन अडवते?"

लग्न होऊन त्या खडकीला आल्या, हातात स्वतःचं स्वयंपाकघर आलं, आणि त्यांनी वासावरून रोडगे केले. आठवणीत काहीतरी उग्र होतं म्हणून ओवा. काहीतरी खमंग होतं म्हणून तीळ. कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कधी खाल्लाच नाही, हे सांगावं लागलं असतं. आणि आपण सगळे इतकी वर्षं ते वऱ्हाडी म्हणून खात आलो, पाहुण्यांना वाढत आलो!

"मिलिंदला ठाऊक होतं हे?"

"म्या नाही सांगितलं. पोरगं आवडीनं खाये. कायले सांगू?"

मग धुराचं तुला कुणी सांगितलं? राहुल जेवत होता तेव्हा आत जाऊन तू काय पाहिलंस? त्या रडत होत्या का? की त्या काहीच बोलल्या नाहीत आणि तुला आपोआप कळलं? आणि कळलं होतं, तर मला का नाही सांगितलंस, रे? मी तुझ्या या प्रवासाची किती थट्टा केली. तू ऐकून घेतलीस, हसलास, आणि गुपचूप एका अनोळखी माणसाला फोन करून आईला कुठे बसवायचं ते ठरवून ठेवलंस. एवढं महत्त्वाचं काम होतं, तर ते रिलीजच्या मागे का ठेवलंस?

उत्तर येणार नाही, हे मला कळतं. तरी मी विचारल्यावर थोडा वेळ थांबते.

मेथी निवडून झाली. आई हात झटकून म्हणाल्या, "लाव त्याले फोन."

तुझ्याच फोनवरून लावला, स्पीकरवर. आतून सगळं ऐकत असलेली संबोधीही येऊन बसली.

"पाटलाचा कोन तू?" आईंनी थेट विचारलं, हॅलो नाही, काही नाही.

"नातू, जी. आपन कोन?"

"म्हातारी. मले टेबल सांगितलं होतं ते."

"हां हां, आजी! नमस्कार. मंग गाव कोनतं तुमचं?"

"तुमचंच. सोनाजीची लेक हो मी. भीमनगरातली. तवा त्याले भीमनगर म्हनत नव्हते. तुमच्या मळ्यात गोवऱ्या टाके, तो सोनाजी."

पलीकडे शांतता. मागे एक ट्रक गेल्याचा आवाज आला. संबोधीने माझा हात धरला. तिला गेल्या अर्ध्या तासातलंच काय ते ठाऊक होतं, पण त्या शांततेचा अर्थ तिला कळला.

"या ना मंग, आजी," तो म्हणाला. आवाज जरा बदलला होता. "मंग तं घरचंच झालं. गावच्या मान्साकून काय पैसे..."

"पैसे घेशील तं येतो. फुकटचं नको मले."

"आजी, तसं नाही..."

"घेतो का नाही, ते सांग."

"घेतो, जी."

"मंग लिही. तीन ताटं. चार नाही. तुह्याशी बोलला तो माहा पोरगा होता. नाही राह्यला तो आता."

त्यांनी ते इतकं साधं सांगितलं, मिलिंद. जे मला जमलं नव्हतं. तो माणूस "अरे अरे" करत राहिला आणि आई त्यालाच समजावत होत्या, "होते बाप्पा, काय करते मानूस." आणि त्या वाक्याबरोबर तू त्या ढाबेवाल्याच्या लेखीही गेलास. मला वाटलं होतं, मी कोसळेन. पण मी आईंकडे बघत होते. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "ते कचोरी का काय म्हने तो, ते कुठं भेटते? वाटेतच हाय का?"

"आज्जी, यू आर टू मच," संबोधी म्हणाली आणि आतल्या खोलीत पळाली. रडायलाच गेली असणार.

काल मी आईंच्या बँकेत जाऊन आले. पेन्शन काढून आणायला त्यांनीच पाठवलं होतं. "बिल मी देनार," म्हणाल्या. "तू पर्स काढशील तं पाय, तेथच भांडीन."

तर मिलिंद, माझं वचन ऐक. संबोधीची चाचणी परीक्षा संपली की आम्ही निघतो. गाडी मी चालवणार. हायवेला मला भीती वाटते, तरी मीच. वाटेत तू हवा तेवढा ये. हुरड्याला ये, रसवंतीवर ये, घाटात "आता गिअर टाक, बाई" म्हणून ओरड. मी उत्तर देईन, मोठ्याने देईन, आजी-नात काय म्हणतील ते म्हणोत.

पण फाटा आला की तू तिथेच थांब. मी आईंना टेबलाशी बसवीन, वाऱ्याची दिशा बघून. त्यांच्यापुढे गरम रोडगा फुटेल, वर तूप पडेल, त्या वेळी मी तुझं नाव घेणार नाही. रडणार नाही. तो घास तुझ्या आठवणीचा होऊ देणार नाही. त्यांना आवडला तर आवडला. नाही आवडला, तर बाजूला सारून "याच्यापरिस माहाच बरा" म्हणायचा हक्क त्यांचा, पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचा. काय म्हणाल्या ते मी परत येताना, फाटा ओलांडून गाडी रस्त्याला लागली की, तुला सांगेन.

तोवर थांबशील ना?

तुझी,
वैशाली