चमच्यांवरचे काळे वळ

११ मार्च
मावशींना काढलं! एकवीस वर्षं या हॉटेलची चांदी घासणारी बाई — एका कागदावर घरी! कारण काय, तर परवाच्या मेजवानीत चमच्यांचे गठ्ठे सोडले आणि प्रत्येक दांड्यावर काळा वळ. मॅनेजर म्हणे, "म्हातारीला घासायचा कंटाळा, ॲसिड फासलं असणार." कंटाळा! मावशींना!

पत्र इंग्रजीत. मावशींनी ते माझ्यापुढे धरलं. "तू बारा गावचं पाणी प्यालेली, वाच. मॅनेजर सारखं टार्निश टार्निश करत होता, ते म्हणजे काय गं? शिवी आहे का?"
म्हटलं, डाग लावणं. तुम्ही हॉटेलच्या नावाला डाग लावलात म्हणे.
"मी?"
मग ॲप्रनची घडी घातली, काठाला काठ जुळवून. "हे पत्र बघून दुसरीकडे कोण उभं करेल मला?"

१२ मार्च
डोकं अजून तापलेलंच. मॅनेजरच्या केबिनचं दार मुद्दाम आपटलं. दाराला लागलं असेल, त्याला नाही.

१३ मार्च
सुट्टी. वाचनालयात गेले. (वाटेत शिडीवर चढून पाटी रंगवणाऱ्याला बघत अर्धा तास उभी. माझं हे असंच.) जाडजूड शब्दकोश काढला. टार्निश इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलला. तिथे अर्थ निस्तेज होणं, मंद पडणं. त्याच्याही मागे कदाचित एक जुना जर्मन शब्द — झाकणं, लपवणं. डाग नाही, कलंक नाही, मुळात काहीच नाही! मी दहावीला दोनदा आपटलेली, मला हे सापडतं आणि त्या टायवाल्याला शब्द वापरण्याआधी बघता येत नाही? उद्या तोंडावर फेकते त्याच्या!

मग उगाच शेजारच्या कपाटातलं धातूंचं पुस्तक चाळलं. चांदी गंधकाने काळवंडते म्हणे. अंड्याने. लोकरीने. रबराने —

रबराने!

मावशी गठ्ठे सुती चिंध्यांनी बांधतात. मागच्या महिन्यात त्या तापाने घरी होत्या, तेव्हा ते मी बांधले. चिंध्या फाडत कोण बसतंय! काउंटरवरून रबरबँडचं पाकीट आणलं. बारा-बारा चमचे, खटाखट. स्वतःवर खूशही झाले होते.

१४ मार्च
मावशींकडे गेले, सांगायलाच. दारातच म्हणाल्या, "माझ्यासाठी तिथे भांडू नकोस हं. तुझंही जाईल." काही न सांगताच परत आले. मॅनेजरला शिव्या घालत आले, सगळा रस्ता.

१५ मार्च
मॅनेजरला सगळं सांगितलं. रबर, गठ्ठे, तारीखसुद्धा. तो म्हणाला, "मालकांना कळवून झालंय. आता मी खोटा पडू? हे माझ्या-तुझ्यात राहू दे. सोमवारपासून तिची जागा तुझी."
मी "बरं" म्हणाले.