हिरव्या डोंग्यावर डोमाचा हक्क नाही

मी केसरबाई दादाजी दिघोरे, वय अठ्ठावन्न, राहणार वैनगंगेकाठी, तालुका ब्रह्मपुरी, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हे कोणी धाक घालून लिहवून घेतलेले नाही. संताप आहे, तो माझा स्वतःचा.

१. राहते घर मुलगा प्रफुल यास. पावसाळ्यापूर्वी तो छपराची कवेलू फेरणार नाही हे ठाऊक आहे. तरी त्यालाच.

२. डोंगा, म्हणजे आमची लाकडी होडी. हा माझ्या पतीने बांधला. ते १९९८ साली वारले. त्यानंतर तीन वर्षे तो अंगणात पालथा पडून कुजला. धाकटा दीर डोमा याने ढुंकून पाहिले नाही. मी दुरुस्तीला घेतला तेव्हा मात्र आला.

"वहिनी, बाईमाणसानं डोंग्याले हात लावला तं नदी कोपते."

"तीन वर्सं तूनं हात नाई लावला, तवा खुश होती काय?"

ब्रह्मपुरीचे सुतार मुश्ताकभाऊ यांनी बुडाच्या दोन कुजक्या फळ्या काढून सागाच्या बसवल्या. बाकी सर्व मी केले. जुना रंग खरवडला, फटींत सूत ठोकून राळ भरली, खालून डांबर फासले, वरून हिरवा रंग दिला. तळहातांची कातडी निघाली.

रंग वाळला त्या दिवशी मी बाजाराला गेले होते. परतले तर डोमाने डोंग्यावर पांढऱ्या रंगात आपले नाव लिहिलेले, आणि प्रफुल रंगाचा डबा धरून उभा.

"तू काऊन काही बोलला नाई?"

"माय, डोंगा माणसाच्याच नावानं राह्यते."

मी सगळ्यांदेखत खुरप्याने ते नाव खरवडले.

पुढच्या वर्षी पुरात रस्ता तुटला. डोमाची मुलगी मयुरी बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला कळा सुरू झाल्या. डोमा माझ्या दारात.

"वहिनी, डोंगा काढा ना."

"कोनाचा?"

"तुमचा."

वल्हे मी मारले. डोमा पत्र्याच्या डब्याने पाणी उपसत होता आणि रडत होता. पैलतीरी जीप मिळाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. आठ दिवसांनी हाच डोमा चावडीवर सांगत होता, "मीच नेलो पोरीले, पुरातून." प्रफुल तिथेच बसला होता.

म्हणून डोंगा, दोन्ही वल्ही आणि उरलेला रंग मयुरीला. वल्हे कोणाच्या हातात होते ते तिने पडल्या पडल्या पाहिले आहे. नाव घालायचे तर तिने स्वतःचे घालावे.

३. डोमाला तो पत्र्याचा डबा.

४. माझ्या तेरवीत डोमाने पुराची गोष्ट सांगितल्यास त्याला पंगतीतून उठवावे. हे काम प्रफुलने करावे. एकदा तरी तोंड उघडावे.

वाचून पाहिले. एक शब्दही कमी करायचा नाही.

केसरबाई दादाजी दिघोरे (सही)
ब्रह्मपुरी, दि. ११ मे २००३

साक्षीदार:
१. मुश्ताक शेख, सुतार (सही)
२. सुगंधाबाई डोमा दिघोरे, डोमाची बायको. बोलावली नव्हती, स्वतःहून आली. (अंगठा)