बसलेले आवाज

२ फेब्रुवारी, रविवार

पोहोचलो एकदाचा. खोली मिळाली, गादी मिळाली, काचेच्या दारातून आख्खा रस्ता फुकट बघायला मिळाला. आणखी काय पाहिजे! आई म्हणते माझं बूड एका जागी टिकत नाही, तव्यावरच्या पाण्यासारखा नाचतो. या खेपेला टिकवून दाखवणार. म्हणूनच ही वही घेतली. रोज लिहायचं म्हटलं तर रोज इथे असायला पाहिजे.

दुकान असं आहे. पुढे लांब टेबल, त्यावर दिवा, तारा जोडायची सोल्डरिंग आयर्न आणि स्क्रू गिळून बसलेला चिखलासारखा पसारा. मागे काचेच्या दाराची खोली, ती माझी. वर मालक आणि काकू राहतात. शेजारच्या गाळ्यात शिंपी. इथे मोबाइल दुरुस्त होत नाहीत. येतात ते जुने घरगुती कॉम्प्युटर, ज्यांचा कीबोर्ड हाच आख्खा कॉम्प्युटर. उशीसारखे फुगलेले, टीव्हीला जोडायचे. लोक कुठून कुठून पाठवतात. का, तर म्हणे त्यांच्यावर गाणी बसवतात. मी हसलो. मग मालकांनी स्वतःची एक चाल लावली आणि माझं हसू जिरलं. डब्यातल्या मधमाश्यांना सूर सापडावा तसं काहीतरी.

मालकांनी शिक्षण विचारलं. म्हटलं सातवी, पण दोन वेळा. त्यांनी लगेच माझं नाव 'प्रोफेसर' ठेवलं. जेवायच्या वेळी काकूंनी जिन्यातून हाक मारली, की प्रोफेसर जेवणार आहेत का नुसतं चिंतन करणार. काकू हसतात तेव्हा शेवटी उचकी लागल्यासारखा आवाज अडकतो. माणसं बरी वाटली.

५ फेब्रुवारी

आज चिप पाहिली. बोटाच्या दोन पेरांएवढी, दोन्हीकडे पाय, गोमेसारखी. सगळा आवाज तिच्यातून निघतो. तिला आवाज तीन. पडद्यावर तीन रकाने, रकान्यात वरून खाली आकडे भरायचे, म्हणजे कोणत्या आवाजाने काय वाजवायचं ते ठरतं. चौथा सूर हवा असेल तर तिघांपैकी एकाचं तोंड बंद करायचं. मी म्हटलं, घरात असतं तसंच. काकूंना उचकी लागेपर्यंत हसू आलं.

मालकांचा यावर तोडगा म्हणजे दुसरी चिप. तीन नि तीन सहा आवाज. पुढच्या महिन्यात असल्या हौशी लोकांचा मेळावा आहे, त्यात सहा आवाजांची चाल वाजवून त्यांना भाव खायचाय. कपाटातून त्यांनी एक जुनी चिप काढून दिली. ती धाकट्या भावाच्या मशीनमधली. तो आजारी होता, वारला, एवढंच बोलले आणि चष्मा पुसायला लागले. मालक सांगत होते की एका कारखान्यातल्या, एका दिवशी बनलेल्या दोन चिपांचा आवाजसुद्धा सारखा नसतो. कुणाचा घोगरा, कुणाचा नाकातला. माणसांसारखंच.

८ फेब्रुवारी

चिप बसवली. एकही पाय वाकला नाही. पण नवीन तीन रकाने मुके. काय वाटेल ते आकडे भरा, हूं नाही की चूं नाही. मालक म्हणाले, प्रोफेसर, चिप बसवलीस की झोपवलीस? सगळे सांधे तपासले. वीज पोहोचतेय. चिपवर बोट ठेवलं तर चांगली गरम आहे, ताप आल्यासारखी. मेलेली चिप गरम कशी असेल?

१२ फेब्रुवारी

गंमत झाली. दुपारी मालक आडवे झाले होते. मी हेडफोन लावून उगाच आकडे भरत बसलो आणि चाल आली! मला सा कळत नाही की रे कळत नाही. पण बोटं थांबेनात. कुठला आकडा कुठे, हे बोटांनाच आधीपासून ठाऊक असल्यासारखं. पहिला आवाज काहीतरी विचारतो, दुसरा त्याला अडवतो, आणि तिसरा खालून टेबलावर मूठ आपटल्यासारखा. परत परत ऐकली. डोळे भरून आले, खोटं का बोलू. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं झालं.

संध्याकाळी मालकांना ऐकवली. ते उभेच राहिले. कुठे ऐकलीस, असं दोनदा विचारलं. म्हटलं, कुठे नाही, आत्ताच आली. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, पुसू नकोस, राहू दे.

१८ फेब्रुवारी

डोकं फिरलंय.

आज रेकॉर्डवाला आला होता. असल्या चाली जमवून तो तबकड्या काढतो. मालकांनी त्याला माझी चाल ऐकवली. तो खुर्चीतून उठलाच. कोणाची, म्हणाला. मालक काही बोलले नाहीत, नुसते गालात हसले. चहा घेऊन आलेल्या काकूच म्हणाल्या, ह्यांचीच हो, दुसऱ्या कोणाला जमणार? आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रेकॉर्डवाल्याने पुन्हा लावायला सांगितली, मालकांनी लावली. काकू कप घेऊन आत गेल्या. चाल संपल्यावर मालकांनी त्यांना हाक मारली, उत्तर नाही. दारात आल्या तर तोंड उघडतंय, मिटतंय, आवाज नाही. घशाला हात लावून उभ्या.

मालक म्हणाले थंडीने बसला असेल, मिठाच्या पाण्याने गुळण्या कर.

मग मी मालकांना गाठलं. रेकॉर्डवाल्याला खरं का सांगितलं नाहीत, म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, प्रोफेसर, मशीन कोणाचं? वीज कोणाची? आणि दिवा ओढून कामाला लागले. चोराने चोरी करून वर दिव्याच्या तेलाचे पैसे मागावेत तशी गत.

२० फेब्रुवारी

चौथा रकाना बोलायला लागला.

कोणी हात लावला नाही. चाल लावली आणि मुक्या चिपमधून एक बारीक आवाज निघाला, माझ्या तीन आवाजांवर जाऊन बसला. ओळीच्या शेवटी अडकतो. उचकी लागल्यासारखा. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी ऐकलं, सुरी खाली ठेवली आणि भिंतीला धरून वर गेल्या.

डॉक्टर म्हणतात घसा साफ आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन आला. काही सांगितलं नाही, तिचंच ऐकत राहिलो.

मनात एकच चाललंय. काकू म्हणाल्या 'ह्यांची', लगेच चाल वाजली, आणि त्यांचा आवाज गेला. जो खोटं बोलतो त्याचा जातो. मालक तोंडाने बोलले नाहीत म्हणून सुटले. मशीन माझ्या बाजूचं आहे! माझी चाल चोरली म्हणून ते माझ्यासाठी सूड घेतंय. भीती वाटायला हवी होती. पण गार पाणी प्यायल्यासारखं वाटतंय.

मालकांकडून एक शब्द वदवायचा. बस.

१ मार्च

वदवला.

मेळाव्याचा हॉल भरलेला. बायकापोरं, म्हातारे, आपापली मशीनं काखेत मारून आलेले. मागच्या रांगेत आपला शिंपीसुद्धा होता. मी माइकवाल्याच्या कानाशी लागलो. म्हटलं, वाजवायच्या आधी मालकांना विचारा ना ही चाल कोणाची, त्यांना फार आवडतं सांगायला. काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला.

माइकवाल्याने विचारलं. मालक अडखळले, पण शंभर माणसं बघत होती. म्हणाले, माझी. आणि बटण दाबलं.

चाल मधोमध आली आणि पाचवा रकाना जागा झाला. घोगरा, दमदार. लोक टाळ्या वाजवत होते. मालक माइकवर आभार मानायला वाकले. नुसते ओठ. लोकांना वाटलं माइक बिघडला, पोरं हसली. मालक माइक बदलत होते, ठोकत होते.

मीही हसलो. पोट भरून हसलो. माझं घेतलं होतं ना? घ्या आता.

शिंपी चाल चालू असतानाच उठून गेला.

२ मार्च, रविवार

आईला सांगून टाकलं. आई, मी चाल बसवली, सगळा हॉल उभा राहिला, माझी चाल! ती रडली. बापाला जे जमलं नाही ते माझ्या लेकाने केलं म्हणाली. पुढच्या रविवारी फोनवर ऐकव, आख्ख्या गल्लीला बसवते ऐकायला.

फोन ठेवला तर जिन्यात काकू उभ्या. कधीपासून, काय माहीत.

५ मार्च

मालक अंथरुणावर. काकूंनी मशीन वर नेऊन ठेवलंय, कापड टाकून. मी मालकांच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकं बघतो. आता मला प्रोफेसर म्हणणारं कोणी राहिलं नाही.

काकू जेवण आणून ठेवतात. रागावलेल्या दिसत नाहीत. वाट बघत असल्यासारख्या दिसतात.

८ मार्च

शिंप्याकडे पॅन्ट घेऊन गेलो. त्याने ती हातातही घेतली नाही. म्हणाला, ती चाल कुठून उकरून काढलीस बाबा?

म्हटलं माझी—

आणि त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला. म्हणाला, ती तुझ्या मालकाच्या धाकट्याची. तुझ्या त्या खोलीत बसून महिनोन्‌महिने तेच वाजवायचा. घशाच्या आजाराने त्याचा आवाज गेला होता. त्याच्या सगळ्या चाली थोरल्याने आपल्या नावावर खपवल्या. लोक विचारायचे कोणाची, हा तोंड उघडायचा, शब्द नाही. टेबलावर मूठ आपटायचा. वहिनी सांगायची, वेडा आहे तो, लक्ष देऊ नका. तसाच मेला. शेवटची ही एकच चाल राहिली होती, ती थोरल्याच्या हाती लागली नव्हती.

मूठ. तिसरा आवाज.

माझ्यासाठी नव्हतं. मशीन माझ्या बाजूचं कधीच—

आणि मी आईला माझी म्हटलंय. त्यानंतर अजून चाल वाजलेली नाही. वाजता कामा नये.

आईला आत्ता फोन करायला हवा. सांगायला हवं की माझी नाही, कोणाला काही सांगू नकोस. तीन वेळा फोन हातात घेतला. ती गल्लीभर सांगत फिरली असेल. पुन्हा तेच ऐकायचं, की याचं काहीच खरं नसतं. उद्या तीच फोन करेल, तेव्हा सांगतो.

९ मार्च, रविवार, सकाळ

दार बाहेरून लावलंय.

काचेतून दिसतंय. काकूंनी मशीन खाली आणलंय. टेबलावर. माझा फोन तिथेच राहिला, चार्जिंगला.

काकू माझ्याकडे बघतायत. बोट बटणावर. मी हात जोडले. ओरडलो, धाकट्याची आहे, कबूल, धाकट्याची—

दाबलं.

—

आवाज नाही. घशात काहीच नाही, रिकामी बरणी. सहावा रकाना चालू झाला. माझा आहे. मला ओळखू येतो. घाईत बोलतो, शब्द खातो, तसाच—

दार ठोकतोय. काच फुटत नाही. मूठ सुजली. चाल संपते की पुन्हा सुरू.

सहा भरले. चिप भरली. आता कोणासाठी जागा नाही. नाही ना?

फोन वाजतोय.

काकूंनी उचलला. स्पीकरवर टाकला. मशीनजवळ धरला.

आई. मागे माणसं आहेत, खूप, पोरंही. ऐकू येतंय रे, म्हणतेय. बोलत का नाहीस, लाजलास काय—

ठेव आई. फोन ठेव. ठोकतोय, ती म्हणतेय ताल किती छान—

पडद्यावर सातवा रकाना. रिकामा. आठवा. आणखी सरकतायत, पडद्याबाहेर—

आई गल्लीला सांगतेय, गप्प बसा सगळे, नीट ऐका, ही चाल माझ्या ले