खोटा फोन विचारत नाही

२ फेब्रुवारी २००९

डावा हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरताना कळले. श्रीकरने काल संध्याकाळी पिरगाळला — पाठीमागे, पार वरपर्यंत — आणि तोंड भिंतीवर दाबून धरले. चुना नाकात गेला. अजून शिंकते आहे.

श्रीकर म्हणजे माझा मुलगा. कागदावर तरी सरळ लिहावे. चेन्नईची नोकरी गेली, दिवाळीत घरी आला, तेव्हापासून हे चालू आहे. कारण लिहीत नाही. रस्समात मीठ कमी होते, हे काही कारण नव्हे.

सकाळी कॉम्प्युटर सेंटरवर जाऊन जावा प्रोग्रामिंगचा वर्ग घेतला. फळ्यावर उजव्या हाताने लिहिता येते. कोणाच्या लक्षात आले नाही.

४ फेब्रुवारी

बसने पापनाशमला गेले. धाकट्या भावाला, रघुनाथला, सगळे सांगितले. तो हसला!

"अक्का, तुला? तुला कोण मारणार? तुझ्या चपलांचा आवाज आला की अख्खं कॉलेज उभं राहायचं!"

भावजय पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "पोरगा बिचारा नोकरीवाचून आहे, थोडं सांभाळून घ्या."

कॉफी अर्धी टाकून उठले. त्या घरी पुन्हा जायचे नाही.

५ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात गेले. इन्स्पेक्टर नित्या तिथे आहे — कॉलेजातली माझी गणिताची विद्यार्थिनी. मला पाहून खुर्चीतून ताडकन उठली. बस म्हटले तेव्हा बसली.

ती हसली नाही. पण विश्वासही बसला नाही, ते दिसत होते. "डॉक्टरांकडे जाऊ या, मॅडम. पाठ दाखवा, दंड दाखवा. रिपोर्ट झाला की पुढचं माझ्यावर सोडा."

नाही. जिच्या वहीत मी लाल रेघा मारल्या तिच्यासमोर मी चोळी सोडणार नाही.

"मग कोणी पाहिलंय?"

"नाही."

"मॅडम, मग निदान ऐकू येईल असं काहीतरी आणा. मी त्याला त्याच दिवशी उचलते."

शब्द दिला आहे तिने. आणते.

६ फेब्रुवारी

फोनमधला रेकॉर्डर मिनिटभर चालतो आणि बंद पडताना मोठ्याने टिंग करतो. निरुपयोगी. श्रीकर असला आवाज तीन खोल्यांपलीकडून ओळखेल.

प्रोग्राम मीच लिहीन. पोरांना लिहायला लावते, मला काय धाड भरली आहे?

८ फेब्रुवारी

सेंटरवर वर्ग संपल्यावर बसले. एमुलेटर — पडद्यावरचा खोटा फोन — सुरूच होईना. "आधीच चालू आहे" म्हणे! कुठे चालू आहे? पडदा रिकामा. शेवटी यादीत सापडला. खिडकी बंद झालेली, पण आत प्रोसेस जिवंत. मारली. लगेच सुरू झाला.

मग सगळे सुरळीत. बटण दाबले, बोलले, फाईल तयार. पुन्हा ऐकली — माझाच आवाज, खणखणीत. खूश झाले. उगाच.

९ फेब्रुवारी

खऱ्या फोनवर पहिल्याच झटक्याला आपटले. 'फाईल उघडता येत नाही.'

एमुलेटरमधल्या साठवणीच्या कार्डाचे नाव मी प्रोग्रामात ठोकून दिले होते. खऱ्या फोनचे कार्ड स्वतःला दुसऱ्याच नावाने ओळखते. आधी फोनला विचारायचे, तुझ्याकडे कोणकोणती घरे आहेत, मग त्यात शिरायचे. विद्यार्थ्याने असे केले असते तर वर्गाबाहेर काढला असता.

दुरुस्त केले.

१० फेब्रुवारी

आता फोन विचारतो!

आधी — या प्रोग्रामला आवाज टिपू द्यायचा का? होय की नाही? मग — फाईल लिहू द्यायची का? होय की नाही? प्रत्येक वेळी दिवा पेटतो, प्रत्येक वेळी कोणीतरी बटण दाबायला हवे. मान भिंतीवर दाबलेली असताना मी होय दाबू?

एमुलेटरने हे एकदाही विचारले नव्हते. त्याची सेटिंग पाहिली. तो सगळ्यांवर विश्वास ठेवतो. फोन ठेवत नाही — माझ्या प्रोग्रामवर कोणा ओळखीच्या कंपनीची डिजिटल सही नाही म्हणून.

वाट काढली. पहिला होय आधीच दाबून ठेवायचा. आवाज नुसता मेमरीत धरायचा. श्रीकर बाहेर गेला की फाईल लिहायची, दुसरा होय तेव्हा. फोन कमरेला खोचलेला.

१३ फेब्रुवारी

मी टीव्ही बंद केला. त्याने मला जेवणाच्या टेबलावर ढकलले, खाली पडले तशी बरगडीत लाथ घातली. मग आणखी. पायात बूट होते. घरात बूट!

कमरेचा फोन निसटला, फरशीवर आपटला, बॅटरी एकीकडे आणि फोन एकीकडे. मेमरीतले सगळे पुसले गेले.

आवाज गेला. बरगडी मात्र आहे. प्रत्येक श्वासाला आहे.

१५ फेब्रुवारी

वर्ग रद्द केला. ताप आहे म्हणून कळवले.

१६ फेब्रुवारी

मेमरीत धरून चालणार नाही. आवाज येईल तसा तुकड्या-तुकड्याने लगेच कार्डावर उतरवायला हवा. मग फोन फुटो, मी फुटो, तोवरचे राहील. पण दर तुकड्याला फोन विचारणार — लिहू का? लिहू का? सही असलेला प्रोग्राम असेल तरच तो गप्प बसेल. सही मिळायला कंपनी लागते, अर्ज लागतात, महिने लागतात. माझ्याकडे महिने नाहीत. लाथ जरा वर बसली असती तर आठवडाही नव्हता.

असल्या सह्या करण्याचे काम चेन्नईत कोण करायचे, ते मला माहीत आहे. बाहेरच्या खोलीत झोपला आहे.

१८ फेब्रुवारी

विचारले.

सकाळी त्याचा मूड बरा होता. म्हटले, तिरुवैयारूच्या एका गाण्याच्या बाईंना हवे आहे, शिकवणी फोनवर टिपून मुलींनी घरी ऐकायची. त्याने डबरा-पेल्यातली कॉफी संपवली, घरच्या कॉम्प्युटरसमोर माझ्या खुर्चीत बसला, कोड वाचायला लागला.

"अय्यो, अम्मा! हे काय? चूक पकडतेस आणि गप्प बसतेस? एरर आली तर कुठेतरी लिही तरी! पोरांना असंच शिकवतेस?"

"पुढे बघ."

"एमुलेटरमध्ये चाललं म्हणून नाचलीस ना? तो आंधळा आहे गं. दारात कोणीही येऊ दे, या म्हणतो. फोन तसा नसतो."

"मग फोनला काय करायचं?"

"फोनला ओळख दाखवायची." जुन्या कंपनीची सहीची किल्ली त्याच्या पेन ड्राइव्हवर अजून आहे. परत द्यायची होती, तशीच घेऊन आला. "कोणाला बोलू नकोस हं. तुझ्या त्या गाण्याच्या बाईंनाही नाही."

तुकडे लिहिण्यातही माझी एक चूक होती. प्रत्येक नवा तुकडा आधीच्यावर लिहिला जात होता. त्याने शेवटाला जोडायला लावला. बोटे भराभर चालत होती. लांब बोटे, त्याच्या वडिलांसारखी. दुसरी कॉफी मागितली. दिली.

मुलगा हुशार आहे. हे लिहायला हरकत नाही.

१९ फेब्रुवारी

खऱ्या फोनवर चालवले. विचारत नाही. दिवा नाही, टिंग नाही. चालू असताना मुद्दाम बॅटरी काढली. तोवरचे सगळे कार्डावर आहे.

शाबास. कोणाला म्हणू?

२२ फेब्रुवारी

झाले.

नोकरीच्या अर्जात त्याने एक शब्द चुकीचा लिहिला होता. मी दाखवला. दाखवण्याआधी कमरेच्या फोनचे बटण दाबले होते — म्हणजे काय होणार ते मला ठाऊक होते, आणि तरी दाखवला. चूक ती चूक.

पट्टा काढला. बकलाची बाजू बाहेर. पाठीवर, मग पोटऱ्यांवर, मग पुन्हा पाठीवर. पळाले नाही, वाकले नाही. कपाटाला धरून उभी राहिले. चोळी पाठीला चिकटली ती कोमट पाण्याने भिजवून सोडवावी लागली.

तो बाहेर गेल्यावर कार्ड पाहिले. फाईल आहे. मोठी आहे, रिकामी नाही. ऐकली नाही. जे खाल्ले आहे ते पुन्हा चाखायचे कशाला?

२४ फेब्रुवारी

नित्याने कार्ड ठाण्यातल्या कॉम्प्युटरला लावले. दोन कॉन्स्टेबल मुली मागे उभ्या. सगळ्यांनी मिळून ऐकले. मीही पहिल्यांदाच.

"हात खाली! — हात खाली म्हणते ना! — पुन्हा? — लाज नाही वाटत? — सरळ उभा राहा! — बस! बस म्हणजे बस!"

मध्ये पट्टा. सट्. सट्. मग पुन्हा मी. आवाज जराही हललेला नाही. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

आणि तो — एक शब्द नाही. हुं नाही, श्वास नाही. मारताना तो बोलत नाही! इतके महिने मार खाल्ला आणि हे माझ्या लक्षात आले नव्हते.

एका मुलीने तोंडावर हात ठेवला. नित्या कधी उठून उभी राहिली, तिलाही कळले नसेल.

"मॅडम... यात मार खाणारा कोण आहे?"

"मी!"

"मॅडम, आवाज तर तुमचाच आहे."

"माझाच असणार. तो बोलत नाही."

"मारणारा बोलत नाही आणि मार खाणारा ओरडत नाही?" तिने मुलींकडे पाहिले. मुलींनी जमिनीकडे.

त्याला बोलावून घेतले. आला — खाली मान, लांब बाह्यांचा सदरा. बस म्हटले तरी बसेना. "अम्मा पहिल्यापासून कडक आहे," एवढेच म्हणाला. त्याला पाणी दिले! मी म्हटले, नित्या, चल आत, माझी पाठ बघ. आता बघ. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "परवा न्हाणीत पडली. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर ऐकत नाही." नित्याने मान डोलावली, आत आलीच नाही. मला डॉक्टर नको असतात, हे तिला माझ्याच तोंडून माहीत होते.

निघताना नित्याने मला बाजूला घेतले. "मॅडम, तुमचा मान आहे म्हणून लिहून घेत नाही. पण मुलगा मोठा झालाय. या वयात हात उचलू नका."

त्याच्याच स्कूटरवर मागे बसून घरी आले. राजवाड्याच्या वळणावर मान मागे वळवून म्हणाला —

"फाईल नीट उतरली ना, अम्मा? एकही तुकडा गळला नाही."

२५ फेब्रुवारी

मारले नाही. दिवसभर गुणगुणत होता.

२६ फेब्रुवारी

सेंटरवर गेले. वर्गात एका मुलाने उत्तर चुकवले. "चूक!" म्हटले आणि स्वतःचाच आवाज ऐकून थांबले. मुले वाट पाहत राहिली. खडू ठेवला, सुट्टी दिली.

२७ फेब्रुवारी

दुपारी चटणी वाटत होते. तो पट्टा काढत स्वयंपाकघरात आला. वरवंटा हातातच होता. त्याच्या उजव्या मनगटावर मारला, एकदाच. हाड मोडल्याचे ऐकू आले.

"अम्मा!" — केवढ्याने ओरडला! शेजारची सुंदरी धावली, समोरच्या घरातले धावले, रस्त्यावरचा फुलवालाही आत आला. सगळे त्याच्याभोवती. माझ्याजवळ कोणी येईना.

नित्याला मीच फोन लावला. म्हटले, त्या दिवशी विचारत होतीस ना, मार खाणारा कोण? ये. इथे बसला आहे.