मिरचीचा काठ

३ मार्च

नाव सापडलं — फियाम्मा! इटालियनमध्ये ज्वाळा. गावाहून, ओदेमिशहून, काल आईचं पार्सल आलं, सुईने विणलेली लाल लेस. दुपारपर्यंत लेसला लावायच्या चिठ्ठ्या छापून झाल्या: दोन्ना ओर्साला, मिलान. अशी बाई कधी जन्मली नाही. तीन वर्षांपूर्वी मीच तिला जन्माला घातलं. इटालियन साहित्याची पदवी इस्तंबूलमध्ये एवढ्या कामाला आली.

दुकानाचे मालक तहसीन बेय खूश. "ओदेमिश म्हटलं की बाई भाव करते. मिलान म्हटलं की आधी बसते, चहा घेते. काय प्रोफेसरीणबाई?"

खरं आहे. रोज पाहते.

११ मार्च

फियाम्मा संपली! आईला फोन — आणखी लाल पाठव. "लालच?" लालच. "बरं." बाबा कसे आहेत? "आहेत."

२६ मार्च

दुसरं पार्सल. तेच लाल, वीण जास्त घट्ट. नाव कोराल्लो — पोवळं.

९ एप्रिल

तिसरं. रुबिनो — माणिक. आईचा हात इतका भरभर कधी चालत नसे. या वेळी सुके अंजीर नाहीत, चार ओळी नाहीत. कामात असेल.

१७ एप्रिल

बुर्साच्या साबिहा हानम होणाऱ्या सुनेला घेऊन आल्या. लग्नात डोक्याला बांधायच्या रुमालासाठी लेस हवी होती. मुलगी रुबिनोवर भाळली. "मिलानची आहे, आई!"

म्हातारीने चष्मा चढवला. लेस उलटी केली, गाठी चाचपल्या.

"मिलानच्या बायका मिरच्या कधीपासून विणायला लागल्या?"

"हानम, ती माणकं आहेत," तहसीन बेय म्हणाले.

"माणकं तुझ्या गल्ल्यात! ही मिरची. नवऱ्याशी पटेनासं झालं आणि घरात तोंड उघडायची सोय नसली, की बाई रुमालाला मिरचीचा काठ लावते. माझ्या सासूने चाळीस दिवस बांधला होता." मग सुनेकडे वळून, "आणि तू हा बांधून माझा उंबरा ओलांडणार होतीस? पहिल्याच दिवशी!"

मुलगी हसत सुटली. शेवटी तिने फ्रेंच नावाची पांढरी घेतली. ती मशीनवरची, बुर्सालाच होते. साबिहा हानमना ते कळलं असावं. "असू दे," म्हणाल्या, "ही निदान काही बोलत नाही."

जाताना मला हळूच — "विणणारी कोण आहे? गाठी कशा आवळल्यात बघ. तिची चौकशी कर, पोरी."

१८ एप्रिल

मला मिरची माहीत होती. सातव्या वर्षी आईला टेकून सगळे काठ पाठ केले होते — बदामाचा मोहर, गवत, मिरची. तीन पार्सलं आली आणि मी तिन्ही वेळा शब्दकोश उघडला.

फोन केला. मिरच्या का, आई?

तिकडे दार लोटल्याचा आवाज. मग — "आता विचारतेस? मला वाटलं, तुला कळलंय. तू तर आणखी मागत होतीस."

मागून बाबांचा आवाज. कोणाशी बोलतेस? तिने फोन ठेवला.

१९ एप्रिल

उरलेल्या रुबिनोच्या चिठ्ठ्या काढल्या. तहसीन बेय ओरडले. काढल्या.

२१ एप्रिल

सकाळच्या बसने आई आली. हातात एक पिशवी. डोक्याला पांढरा रुमाल, त्याला काठच नाही.

"तोंडानेच सांगते आता," म्हणाली. "बस इथे."